बाजारापुरते दिवंगत

कोणतीही वस्तू कमी झाली की तिची किंमत वाढते, आणि कोणताही माणूस गेला की त्याची. हे दोन नियम पूर्वी वेगवेगळे शिकवले जात. पहिला अर्थशास्त्राच्या वर्गात आणि दुसरा शोकसभेत. त्यांना एका छपराखाली आणण्याचे श्रेय कलात्मक छायाचित्रांच्या लिलावाला द्यावे लागेल. या बाजाराची अलीकडची वाढ पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोटे घातली आहेत. (ज्यांनी ती वेळेवर बाहेर काढून बोली लावली, त्यांचे कल्याण झाले.) सदर वाढ नेमकी कशी होते हे सर्वसामान्यांना समजावे म्हणून येथे हनुवटीकाकांचे उदाहरण घेतले आहे. आपले उदाहरण व्हावे अशी काकांची मुळीच इच्छा नव्हती, परंतु उदाहरणांना कोणी विचारत नसते.

हनुवटीकाकांचा फोटो स्टुडिओ एका अरुंद रस्त्यावर, औषधांचे दुकान आणि चष्म्यांचे दुकान यांच्या मधोमध होता. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल, दोन दिवे आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. ओळखपत्राचे फोटो काढणे हा मुख्य धंदा. समोर बसेल त्याला ते एकच वाक्य सांगत, "हनुवटी जरा वर." मोठा साहेब असो की परीक्षेत तिसऱ्यांदा बसणारा विद्यार्थी, वाक्यात फरक नाही. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले होते आणि ते त्यांनी निमूटपणे घेतले होते. माणूस स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ओळखपत्रांवर पोट चाले, पण काकांचा खरा जीव बाळांच्या फोटोंत. त्याबाबत त्यांचा नियम पक्का होता. बाळाने मान धरली की आणायचे. आधी आणले तर मान कलंडते, उशिरा आणले तर ते स्टुलावरून उतरून धंद्याला लागते. मधले जे थोडे दिवस असतात, त्यांत बाळ जगाकडे पहिल्यांदा नीट बघते, आणि ते बघणे काकांना हवे असे. आईला ते स्टुलामागे पडद्यात गुंडाळून बसवत. पडद्याआडून तिचे हात बाळाला धरत, आणि फोटोत बाळ एकटेच, कुणाच्याही आधाराशिवाय बसल्यासारखे दिसे. रस्त्यावरच्या प्रत्येक घरात असा एक तरी फोटो होता. काकांच्या घरात त्यांच्या लेकीचा होता, आणि त्यात नीट पाहिले तर पडद्याच्या कडेला काकूंची करंगळी दिसायची.

आता धंदा म्हटला की काही फोटो बिघडायचेच. नेमक्या क्षणी कुणी डोळे मिटतो, कुणी शिंकतो, कुणाला मागून हाक येते आणि तो वळतो. असे फोटो गिऱ्हाइकाला देता येत नाहीत आणि कागद टाकून द्यायला काकांचा हात धजत नसे. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. घरमालक दुरुस्ती करीत नव्हता. तेव्हा काकांनी बिघडलेले फोटो ओलीवर चिकटवायला सुरुवात केली. ओल पसरत गेली तसे फोटोही पसरत गेले, आणि बघता बघता सगळी भिंत मिटलेल्या डोळ्यांनी भरून गेली.

त्या भिंतीसमोर एके दिवशी एक बाई ओळखपत्राच्या फोटोसाठी येऊन बसल्या. मोठ्या लिलावघरात छायाचित्रांचे मूल्य ठरवणाऱ्या त्या तज्ज्ञ बाई होत्या. काकांनी हनुवटी वर करायला सांगितली. बाईंनी ती केली, आणि समोरची भिंत पाहून ती तशीच राहिली.

"ही भिंत कुणाची?" बाईंनी विचारले.

"घरमालकाची," काका म्हणाले.

"तसं नाही. हे काम कुणाचं?"

"दुरुस्तीचं? त्याचंच. पण तो करत नाही."

"हे तुम्ही मुद्दाम केलंय?"

"नाही हो. ओल आहे."

बाईंनी वहीत 'ओल' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मालिकेचे नाव अशा प्रकारे निश्चित झाले. पुढच्याच आठवड्यात चार माणसे आली आणि पांढरे हातमोजे घालून भिंतीवरचे फोटो खरवडून घेऊन गेली. काकांना हायसे वाटले. ओल उघडी पडली तर घरमालकाला लाज तरी वाटेल असा त्यांचा अंदाज होता, तो चुकला.

पहिल्या लिलावात 'शिंक, क्रमांक तीन' हे छायाचित्र एका नव्या स्कूटरच्या किमतीला गेले. शिंकणारे गृहस्थ म्हणजे शेजारच्या औषधवाल्याचे सासरे. औषधवाल्याला धक्का बसला, कारण तो चेहरा त्याला रोज जेवणाच्या टेबलावर फुकट पाहावा लागत होता. एका समीक्षकाने लिहिले की या शिंकेत व्यवस्थेला दिलेला ठाम नकार आहे. सासऱ्यांना विचारले असता त्यांनी नाकात तपकीर गेली होती एवढेच सांगितले. (कलाकृतीचा अर्थ शिंकणाऱ्याच्या मतावर अवलंबून नसतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.) दुसऱ्या लिलावात 'मिटलेले डोळे, अर्धी हनुवटी' मोटारीच्या किमतीला गेले. तिसऱ्या लिलावात मागे वळलेल्या एका पोस्टमनच्या डोक्याच्या मागच्या भागासाठी दोन सभ्य गृहस्थ हमरीतुमरीवर आले.

बातमी रस्त्यावर पोचली आणि घरोघर कपाटे उघडली गेली. काकांनी काढलेला फोटो कुणाकडे नव्हता? लोकांनी जुनी ओळखपत्रे, ग्रंथालयाची कार्डे, शाळेचे दाखले आणि आजोबांची पेन्शनची पुस्तके काढून त्यांवरचे फोटो वाफेवर सोडवले. एका पाहणीनुसार रस्त्यावरील शंभरांपैकी ब्याण्णव लोकांच्या ओळखपत्रावर फोटोच्या जागी डिंकाचे चार ठिपके उरले. (राहिलेल्या आठांनी डिंक सढळ हाताने लावला होता.) बँकेत कुणी ओळख विचारली तर लोक ठिपके दाखवत आणि बँकेतला कारकूनही, स्वतःचे ठिपके आठवून, मान डोलावत असे. मात्र ज्यांचे फोटो चांगले आले होते, त्यांच्या हाती काहीच लागले नाही. चष्मेवाल्याचे घराणे तर पिढ्यान्‌पिढ्या टक लावून बघणारे. एकाचाही डोळा कधी मिटलेला नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी वेळीच डोळेझाक केली असती तर आज ही पाळी आली नसती, असे तो उघड बोलून दाखवू लागला.

भाव असे चढत असताना अचानक थांबले. लिलावघराने अभ्यास केला आणि कारण शोधून काढले. कारण काकाच होते. तज्ज्ञ बाई ते समजावून सांगायला स्वतः स्टुडिओत आल्या.

"काका, खरेदी करणारे बिचकतात," त्या म्हणाल्या. "हयात कलावंत ही फार मोठी जोखीम असते. तो केव्हाही काम करू शकतो."

"मग मी काय करू?" काकांनी विचारले.

बाई शिष्टाचार पाळणाऱ्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिले नाही, कागद पुढे केला. काकांनी प्रत्यक्ष काही करावे अशी लिलावघराची अपेक्षा नव्हती. (तसे घडल्यास मात्र कळवावे, अशी तळटीप होती.) काकांनी फक्त 'बाजारापुरते दिवंगत' व्हायचे होते. करारातल्या अटी सोप्या भाषेत अशा:

दिवंगत कलावंताने यापुढे कोणत्याही साधनाने छायाचित्र काढू नये. यात फोनही आला.

दिवंगत कलावंताने स्वतःविषयी बोलताना भूतकाळ वापरावा. "मी फोटो काढायचो" चालेल.

दिवंगत कलावंताने सार्वजनिक ठिकाणी दोन्ही हातांची बोटे जोडून चौकट करून त्यातून पाहू नये.

दिवंगत कलावंताने प्रकृतीचा अहवाल दर तीन महिन्यांनी द्यावा. सुधारणा असल्यास ती गोपनीय ठेवावी.

काकांनी सही का केली, हे पुढे त्यांनी स्वतःला बऱ्याचदा विचारले. एकतर फोनमध्ये कॅमेरा आल्यापासून गिऱ्हाईक आटले होते. छत गळत होते. शिवाय समजावणारे चहूकडून समजावत होते, औषधवाला तर म्हणाला, "काका, काही न करण्याचे पैसे मिळतायत. आमची सगळी हयात हे जमवण्यात गेली." काकू तेवढ्या म्हणाल्या, "अहो, जिवंतपणी असल्या कागदावर सही करू नये." पण बायकोचे ऐकायची बुद्धी माणसाला सही करून झाल्यावर होते, तशी ती काकांनाही झाली. काकांचा कॅमेरा लिलावघराने नेला आणि तळघरातल्या दालनात काचेखाली ठेवला. खाली दोन तारखा लिहिल्या. दुसरी तारीख सहीची होती.

आणि त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. काकू फोनवर आधी हसल्या, मग रडल्या, मग काकांना म्हणाल्या, "आजोबा होणार तुम्ही!"

काकांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला की बाळ मान धरेल तेव्हा थंडी सरत आलेली असेल, खिडकीतून सकाळचा उजेड मऊ येईल, स्टूल जरा डावीकडे सरकवावे लागेल. स्टूल सरकवायला ते उठलेसुद्धा. मग त्यांना आपण वारल्याची आठवण झाली आणि ते पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी ते लिलावघरात गेले. "बाई, एकच फोटो," ते म्हणाले. "घरात ठेवीन. कुणाला दाखवणार नाही."

"काका, मेलेल्या माणसाने काढलेला एक फोटोही पुरतो. सगळा बाजार हलतो."

"अहो, पण मी मेलेलो नाही!"

"असं उगाच कुठे बोलू नका," बाई मायेने म्हणाल्या.

काका जिवंत आहेत ही गोष्ट रस्त्यावर आता फारशी लपून राहिली नव्हती, त्यामुळे लोकांनी खबरदारी म्हणून एक कलारक्षण समिती स्थापन केली. अध्यक्ष औषधवाला. समितीचे एकमेव काम म्हणजे काकांनी फोटो काढू नये यावर लक्ष ठेवणे, आणि पाळ्या लावून ते चोख होत असे. काका पोस्टात गेले की मागून एक सदस्य. काका खिडकीशी उभे राहून उजेड बघू लागले की समोरून कुणीतरी खाकरत असे. मुलांच्या हातातले खेळण्यातले कॅमेरे काकांच्या वाटेतून उचलले गेले. माणसे पूर्वीपेक्षा जास्त चौकशी करू लागली, हेही मान्य केले पाहिजे.

"काका, तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"अरेरे. म्हणजे, वा! वा!"

मध्यंतरी काकांना खोकला झाला. पहिल्या दिवशी 'ओल' मालिकेचा भाव किंचित वर सरकला, तिसऱ्या दिवशी चांगलाच. काकू औषध आणायला गेल्या तर औषधवाला म्हणाला, खोकल्याचे औषध संपले आहे, सोमवारी बघू. मागच्या फळीवर बाटल्यांची रांग लागलेली होती.

"माणूस खोकून बेजार झालाय आणि तुम्ही भाव बघताय?" काकू कडाडल्या. "त्या बाटल्या दिसतायत मला!"

"वहिनी, त्या शोभेच्या आहेत," औषधवाला म्हणाला. काकूंनी काउंटर ओलांडला, एक शोभेची बाटली उचलली आणि पैसे आपटून बाहेर पडल्या. काका बरे झाले. मंदी आली. अध्यक्षांनी समितीच्या बैठकीत झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, आणि बरे होण्याबाबत काकांनी सबुरीने घ्यावे असा ठराव एकमताने मंजूर झाला.

यथावकाश बाळ झाले. लेक बाळाला घेऊन माहेरी आली, मागोमाग जावई आला. जावई भला माणूस, पण त्याने कर्ज काढून 'शिंक, क्रमांक सात' घेऊन ठेवली होती, आणि कर्ज काढून घेतलेल्या शिंकेची काळजी माणसाला झोपू देत नाही.

"बाबा, मी काही तुमच्याविरुद्ध नाही," तो काकांना म्हणाला. "पण हे सगळं बाळासाठीच तर चाललंय. तुम्ही बाळाचा फोटो काढलात तर बाळाच्या भविष्याचं काय?"

"आणि नाही काढला तर?"

"तर काय, पुढे भावच भाव. मोठेपणी बाळ तुम्हाला दुवा देईल. मी काढतोय की फोटो." त्याने फोन पुढे केला. त्यात बाळाचे शेकडो फोटो होते. काही टाळूचे, काही दुपट्याचे, बरेचसे जावयाच्या अंगठ्याचे. काकांनी ते सगळे एकामागून एक शांतपणे पाहिले आणि फोन परत दिला. आत जाऊन ते पलंगावर बसले. त्यांना फार वाईट वाटत होते. परक्यांची शेकडो बाळे त्यांनी त्या स्टुलावर बसवली होती, आणि घरचे बाळ मान धरायला लागले होते तर हात बांधलेले. आणखी थोडे दिवस गेले की ते बघणे जाते, मग कुबेर आला तरी ते परत विकत मिळत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

काकांच्या या दुःखाची लिलावघराने तातडीने दखल घेतली. तज्ज्ञ बाई आल्या, बाळाकडे पाहून "गोड आहे" म्हणाल्या, आणि त्यांनी एक योजना मांडली. कलावंताने आपल्या नातवंडाचा न काढलेला फोटो लिलावात ठेवायचा. एक रिकामी लाकडी चौकट, आत पांढरा कागद, आणि मागे हा फोटो काढलेला नाही असे प्रमाणपत्र. प्रती एकच. (न काढलेल्या फोटोच्या जास्त प्रती काढण्याचा मोह टाळावा, अशी सूचना कारागिराला देण्यात आली होती.) जावयाने काकांचा हात धरून त्यांना सहीपर्यंत नेले.

त्या लिलावाला उभे राहायला जागा नव्हती. चौकट समोर ठेवली गेली. एका श्रीमंत बाईंना हुंदका आवरेना. एका गृहस्थांनी बाळाच्या गालावरचा उजेड फार हळुवार टिपला आहे असे मत दिले. शेजारच्यांनी मान हलवून पार्श्वभूमी किंचित गडद वाटते असे सुचवले. बोली वाढत वाढत बागेसकट दुमजली घराच्या किमतीवर थांबली आणि कला-छायाचित्रांच्या बाजाराने त्या वर्षीचा उच्चांक गाठला. या घटनेने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, छायाचित्रणाच्या वाढीतला शेवटचा अडथळा म्हणजे छायाचित्र, तो दूर झाला. दोन, काकांनी आता बाळाचा फोटो काढला, तर ती सरळ सरळ फसवणूक ठरणार, घेतलेले सगळे परत करावे लागणार आणि राहते घर त्यात जाणार.

घरी आल्यावर काकांनी ते सगळे काकूंना सांगितले. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवले, हात पदराला पुसले आणि आतल्या ट्रंकेतून गोधड्यांखाली ठेवलेला एक कॅमेरा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. काकांचा पहिला कॅमेरा होता तो, लग्नाआधीचा. हरवला असे समजून काकांनी त्याचा शोध सोडून दिला होता.

"हा तुझ्याकडे कसा?"

"ते लोक मोठा कॅमेरा घेऊन गेले त्या दिवशी म्हटलं, हा नको दिसायला. सगळंच कशाला सांगायचं?"

"अगं, पण घर जाईल."

"जाऊ दे गेलं तर. छत गळतंच आहे." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही असे बसून राहता ना दिवसभर, ते नाही बघवत मला."

लेकीला विचारले तर ती म्हणाली, "बाबा, माझा फोटो आहे भिंतीवर. बाळाचा का नको?" यावर जावयाकडे उत्तर होते, पण त्याला ते द्यायला मिळू नये म्हणून काकूंनी त्याला भाजी आणायला पाठवले.

सकाळचा उजेड काकांना हवा तसा मऊ आला होता. लेक स्टुलामागे पडद्यात बसली. काकूंनी बाळ स्टुलावर ठेवले. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "हनुवटी जरा वर," काका म्हणाले. बाळाने मान उचलली आणि सरळ काकांकडे पाहिले. काकांनी कळ दाबली. एवढा आनंद त्यांना अख्ख्या बाजाराच्या वाढीने झाला नव्हता.

शहाण्या माणसाने तो फोटो लपवून ठेवला असता. काकांनी तो धुतला, वाळवला, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत मधोमध लावला. "लपवायचा होता तर काढला कशाला?" असे ते काकूंना म्हणाले आणि काउंटरमागे जाऊन बसले. जे व्हायचे ते होवो असे त्यांनी ठरवले होते.

दहा मिनिटांत रस्ता भरला. औषधवाला ओरडला, "काका, तुम्ही आम्हाला जिवंतपणी मारलंत!" चष्मेवाल्याचे काहीच गेले नव्हते, तोही तेवढ्याच जोरात ओरडत होता. जावई भाजीची पिशवी हातात धरून काचेसमोर उभा राहिला, बराच वेळ फोटोकडे बघत राहिला, आणि मग त्याला एकदम शिंक क्रमांक सात आठवली व तो मटकन खाली बसला. अखेर तज्ज्ञ बाईंची गाडी आली. गर्दी बाजूला झाली. बाईंनी फोटो काचेतून काढायला लावला, टेबलावर ठेवला आणि भिंगातून कोपऱ्यान्‌ कोपरा तपासला.

"यात सगळं दिसतंय," त्या अखेर म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

"डोळे उघडे आहेत. काही हललेलं नाही. कुणीही पाहिलं तरी कळतं की बाळ आहे."

"बाळच आहे ते."

"कुणालाही आवडेल असा आहे," बाईंचा आवाज कडक झाला. "हा त्यांचा फोटो नाही. थोर कलावंताच्या नावावर खपवलेली ढोबळ नक्कल आहे."

"अहो, मीच काढलाय! आज सकाळी! हिला विचारा."

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही तेव्हा नव्हता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी करारावरची सही दाखवली. तिच्यापुढे काकांचे काही चालेना. नक्कल असल्याचे प्रमाणपत्र तिथेच छापील पुस्तकातून फाडून त्यांच्या हातात देण्यात आले. बाजार वाचला. चौकटीतला फोटो अजूनही काढलेला नव्हता. रस्त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, औषधवाल्याने काकांना मिठी मारली आणि आपण हे असेच होणार हे ओळखून होतो असे जाहीर केले.

बाईंनी जाता जाता काकांना परवानगीही दिली. नक्कल करायला कायद्याने बंदी नव्हती. काकांनी खुशाल फोटो काढावेत, फक्त ते चांगले यायला हवेत. एखादा चुकून बिघडला तर तो मूळ कलावंताचा समजला जाईल आणि अनर्थ ओढवेल. काकांनी अट डोळे झाकून मान्य केली, कारण जन्मभर दुसरे त्यांनी केले तरी काय होते? दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडला. पहिल्या गिऱ्हाइकाला काकांनी हनुवटी वर करायला सांगितली, आणि दारातल्या समिती सदस्याने काळजीने पुस्ती जोडली, "आणि डोळे उघडे ठेवा हो!" बाळाचा फोटो घरी लेकीच्या फोटोशेजारी लागला. तो विक्रीला नाही. कुणी विचारलेही नाही, कारण नकलेला भाव नसतो.

उदाहरण येथे संपले. आता वाचकांविषयी थोडे. कुठला फोटो कशाच्या भावाने गेला, स्कूटरच्या, मोटारीच्या की बागेसकट घराच्या, हे सुजाण वाचकांच्या व्यवस्थित लक्षात राहिले असेल. चौकट आज विकली तर किती येतील, हेही मनात येऊन गेले असेल. ते बाळ मुलगा आहे की मुलगी, त्याचे नाव काय ठेवले, ते गेले कुणाच्या वळणावर, आणि त्या फोटोत ते हसत होते की रडत होते, हे मात्र या सबंध हकिकतीत कुठेही सांगितलेले नाही, आणि तुमचे त्यावाचून काही अडलेही नाही. अशी नजर फार थोड्यांना असते. लिलावघराने पुढच्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची राखून ठेवली आहे.